सॅम्पल फ्लॅटमधला रंग

घर बघायला आलेला माणूस ते घेणार की नुसतं बघून जाणार, हे मामांना त्याच्या पहिल्या चार पावलांत कळायचं. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मामा गेली नऊ वर्षं एका अर्धवट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटचं दार उघडायच्या नोकरीत होते, तिथं ती आपोआप अंगात मुरली. खाली चिखल, सळया, सिमेंटची पोती, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. आणि दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं की आत घर तयार. सोफा, पडदे, ओट्यावर ओळीनं लावलेले डबे, टेबलावर मेणाची फळं. सगळं होतं, राहणारं तेवढं कोणी नव्हतं.

मामा हे नाव त्यांना साइटवर मिळालेलं. सख्खी बहीण नसल्यामुळे जन्मात भाचा झाला नव्हता. ती कसर साइटवरच्या शंभर-सव्वाशे लोकांनी भरून काढली.

तर मामांचं अनुमान असं होतं. ज्याला घर घ्यायचं नसतं, तो गोड बोलतो. दारातच थबकून म्हणतो, वा, काय रंग आहे. मग पडद्याला हात लावतो, सोफ्यावर दोन मिनिटं टेकतो, ‘बघतो, कळवतो’ म्हणतो आणि जिन्यावरून उतरता उतरता विसरूनही जातो. ज्याला घ्यायचं असतं, तो आल्यापासून कटकट करतो. नळ सोडतो, कपाटं उघडतो, खिडकीतून वाकून खाली बघतो, ओटा उंच आहे म्हणून नाक मुरडतो आणि बायकोशी दबक्या आवाजात भांडतो. ज्याला उद्या तिथं पोळ्या लाटायच्या असतात, त्यालाच ओटा उंच लागतो. ऑफिसातल्या सेल्सच्या ताई ह्यावर मामांशी चहाची पैज लावायच्या आणि बहुतेक वेळा चहा पाजायच्या.

त्या फ्लॅटचा रंग मामांना तोंडपाठ होता. हॉलच्या तीन भिंती पीच आणि खिडकीसमोरची एक टेराकोटा. लावून घेताना डेकोरेटर बाई म्हणाल्या होत्या, “पीच माणसाला आत ओढतो आणि टेराकोटा त्याला बसवतो.” मामांच्या मते पीच म्हणजे नुकतंच रडून उठलेल्या पोराच्या गालाचा रंग, आणि टेराकोटा म्हणजे सरळ सरळ कुंडी. पण कुंडीच्या रंगाची भिंत म्हटल्यावर कोण जिना चढून येईल? दर सोमवारी, रविवारच्या गर्दीचे हात पुसून झाले की, मामा बारीक ब्रशनं ते डाग झाकत. शेड कार्डावरचे दोन्ही नंबर त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्के माहीत होते. जन्मतारखेबद्दल त्यांच्या घरच्यांतच दोन मतं होती.

दिवसभर माणसांना घर दाखवून मामा संध्याकाळी स्वतःच्या घरी जात. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, भिंतींना कधीकाळचं निळसर डिस्टेंपर. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी निघताना ते स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम चालू ठेवत. परतताना खालून वर बघितलं की खिडकीत उजेड दिसे. तो आपणच लावून गेलोय हे त्यांना माहीत असे, पण तीन जिने चढायला तेवढा उपयोगी पडे. मग सकाळचंच गरम करायचं, एक ताट, एक वाटी, एक पेला धुवायचा. दिवसभर ‘इकडून या, सांभाळून, पायरी आहे’ असं दोनशे वेळा बोललेलं तोंड घरी आल्यावर मिटायचं ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिकिटापुरतं उघडायचं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई. जेवलात का, जेवलो, तब्येत, बरी, तिकडं गरम होतंय का, होतंय. तीन मिनिटांत आटपे. ह्यात भांडण वगैरे काही नव्हतं. वीस वर्षं त्या घरातलं बोलायचं खातं आईकडं होतं; बाप फोन उचलून नुसता ‘देतो हं’ म्हणायचा. आता फोन हातात यायचा आणि द्यायला पुढं कोणी नसायचं.

अशाच एका रविवारी तिसऱ्या मिनिटाला लेक म्हणाली, “बाबा, माझी बदली होतेय. तुमच्याच शहरात. वर्षभर तरी.”

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “इथं?”

“हो. ऑफिस तुमच्या बाजूला नाहीये, दुसऱ्या टोकाला आहे. तुमच्याकडं राहायचं की तिकडं जागा घ्यायची, ठरवलं नाही अजून. पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी येतेय, तेव्हा बघते.”

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ उभेच होते. ‘बघते’ हा शब्द त्यांच्या धंद्यातला होता, आणि त्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं घर गिऱ्हाईक येणार म्हणून बघितलं. कोपऱ्यात गोणपाट, दोरीवर टॉवेल, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. त्यांनी नऊ वर्षांच्या अनुभवानं निकाल दिला: हे दाखवलं तर कोणी घेणार नाही.

नेमका त्याच आठवड्यात सॅम्पल फ्लॅटचा कायापालट निघाला. लोकांना आता राखाडी रंग हवा होता. जुनं फर्निचर आणि डागडुजीसाठी आणून ठेवलेले रंगाचे न उघडलेले डबे जिन्याखाली येऊन पडले. साइटचे साहेब म्हणाले, “मामा, हवं ते घेऊन जा. नाहीतर भंगारात जाणार.”

मामांना दैव ह्या गोष्टीवर विशेष विश्वास नव्हता, पण टेम्पोत पलंग, सोफा आणि डबे चढवताना त्यांनी आभाळाकडं एकदा बघून घेतलं.

“मामा, एवढी तयारी?” सेल्सच्या ताई म्हणाल्या. “मुलगी येणार आहे की मुलगी बघायला येणार आहेत?”

“येणार आहे. राहायला येते का, ते बघायचंय.”

“मग नीट करा. तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही माझ्या आधीपासून इथं.” तरी त्यांनी सांगितलंच. “पसारा काढा. भिंतीवर काही नको. फोटो तर अजिबात नको. दुसऱ्याचे फोटो दिसले की माणसाला आपण पाहुणे आहोत असं वाटतं. मोकळं दिसलं की तो मनातल्या मनात आपलं सामान मांडायला लागतो.”

मामांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनीच ताईंना, त्या नवीन असताना, शिकवलं होतं.

साइटवरचा रंगारी दोन सुट्ट्यांच्या दिवशी मदतीला आला. हा माणूस बोलका. भिंतीच्या भेगांत लांबी भरताना, घासताना, प्रायमर मारताना त्याचं तोंड ब्रशपेक्षा जोरात चालायचं. पण स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर तो थांबला. तिथं, जुन्या टेलिफोनच्या वरच्या भिंतीवर, पेन्सिलीनं नंबर लिहिलेले होते. मामांच्या बायकोला वही सापडायची नाही, भिंत सापडायची. गॅसवाला, दूधवाला, दातांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, शिवणकामवाली, लेकीचं हॉस्टेल. त्याखाली लेकीचं दुसरं हॉस्टेल, पहिल्यावर काट. काही नंबर सरळ, काही घाईत तिरपे चढत गेलेले.

“उतरवून घेता का?” रंगारी म्हणाला. “एकदा लांबी फिरली की गेले.”

“सगळे बंद पडलेत ते. कोण लावणार?”

“लावायला नाही म्हणत मी.”

“मार तू. हीच भिंत दारातून समोर दिसते. टेराकोटा इथंच येणार.”

रंगाऱ्यानं एकदा मामांकडं, एकदा भिंतीकडं बघितलं आणि लांबीचा पत्रा फिरवला. पुढचा तासभर तो, त्याच्या मानानं, गप्प होता.

दुसरा हात वाळला आणि घर बदललं, हे कबूल करायलाच हवं. संध्याकाळचं ऊन पीच भिंतींवर आलं की सबंध खोलीला कोणीतरी नुकतंच काहीतरी बरं सांगितलंय असं वाटे. मामांनी सॅम्पलचा सोफा भिंतीला लावला, पलंग लेकीच्या खोलीत मांडला, चादर अशी ताणली की तिच्यावर नाणं उडावं. कॅलेंडर, फोटो, बायकोची शिवणाची मशीन, लेकीचं शाई सांडलेलं टेबल, तिच्या बक्षिसांचे पेले, सगळं माळ्यावर गेलं. दोन खोल्यांत एवढं सामान होतं हे माळ्याला कळल्यावर माळा करकरला.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी डोकावून गेल्या. “ह्या वयात लग्नबिग्न ठरलंय की काय भाऊजी?”

“लेक येतेय.”

“लेकीला एवढा रंग?” वहिनी म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “छान झालंय हो,” असंही म्हणाल्या. मामांनी ते छान मनावर घेतलं नाही. वहिनींना घर घ्यायचं नव्हतं.

लेक शनिवारी सकाळी अकराला आली. आईसारखी उंच, बॅग खांद्यावर, चष्मा नवा. मामांनी दार उघडलं आणि सवयीनं एक पाऊल बाजूला झाले, डावा हात आत दाखवत.

“ये. सांभाळून, उंबरा आहे.”

“मला माहितीये उंबरा आहे, बाबा.”

ती हॉलमध्ये आली आणि थबकली. “वा,” ती म्हणाली. “काय सुंदर रंग आहे.”

मामांचा आत दाखवणारा हात खाली आला.

पण नऊ वर्षांचं तोंड थांबेना. “सकाळचं ऊन इकडून येतं. दुपारी ह्या भिंतीवर. हवा खेळती राहते. ही बेडरूम, इथं कपाटाला भरपूर जागा—”

“बाबा. मी ह्या घरात बावीस वर्षं राहिलेय.”

“हो, ते आहेच,” मामा म्हणाले, आणि त्यांना पुढं काय बोलतात ते आठवेना. गिऱ्हाईकानं असं कधी म्हटलंच नव्हतं.

ती हळूहळू फिरली. कशाला हात लावला नाही. एकही नळ सोडला नाही, वास्तविक बाथरूममधला गळत होता. एकही कपाट उघडलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी टेराकोटासमोर मात्र ती उभी राहिली.

“नंबर कुठं गेले?”

“ते सगळे बंद पडलेले होते गं.”

“मला माहितीये बंद पडलेले होते.” तिनं भिंतीवरून तळवा फिरवला. भिंत गुळगुळीत होती. रंगाऱ्यानं काम चोख केलं होतं. “माझं टेबल?”

“माळ्यावर. सगळं आहे माळ्यावर, टाकलं काही नाही. म्हटलं, तुला तुझं नवीन मांडायला मोकळं बरं.”

“हं.”

जेवण झालं. मामांनी दोन भाज्या केल्या होत्या. तिनं दोन्ही वाढून घेतल्या, दोन्ही चांगल्या आहेत म्हणाली. तेसुद्धा मामांना फारसं रुचलं नाही. तिची आई असती तर हिनं मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं असतं.

जेवणानंतर ती जरा आडवी होते म्हणाली. मामांना एकदम धीर आला. नऊ वर्षांत त्या पलंगावर कोणी आडवं झालं नव्हतं. तिथं तशी पाटीच होती. घेणारेसुद्धा नुसते कडेला टेकत. ते ओट्याशी उभे राहून उगाच पेले पुसत राहिले. पाच मिनिटांनी खोलीतून हसण्याचा आवाज आला, तोंडावर हात ठेवून हसल्यासारखा.

“बाबा, हा पलंग कोणाचा आहे?”

ते दारात आले. लेक उताणी पडली होती आणि तिचे दोन्ही पाय घोट्यांपासून पलंगाबाहेर होते, चपला शोधत असल्यासारखे. तिनं वर सरकून बघितलं, तर डोकं भिंतीला लागलं. तिनं कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घेतले तेव्हा कुठं ती मावली.

“चांगल्या लाकडाचा आहे,” मामा म्हणाले.

“लाकूड चांगलं आहे,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

पाचच्या बसला तिला मैत्रिणीकडं जायचं होतं; उद्या तिथूनच ऑफिसच्या बाजूला एक चक्कर. दारात तिनं मामांचा दंड धरला, दोन-तीनदा दाबला. “कळवते हं, बाबा,” म्हणाली आणि जिने उतरून गेली. मामा खिडकीत गेले. ती रस्ता ओलांडून गेली, आणि मग नुसता रस्ता राहिला.

सोमवारी सेल्सच्या ताईंनी विचारलं, “काय मामा, काय म्हणाली?”

“रंग आवडला म्हणाली.”

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनाही ती विद्या आता थोडीफार येत होती.

“आणि पलंग आखूड आहे ताई. पाय बाहेर येतात तिचे.”

“आखूड असणारच की. सॅम्पलचं सगळं फर्निचर वीतभर छोटंच बनवतात. खोली मोठी दिसायला. नऊ वर्षं त्याच्यावर चादरी घालताय, तुम्हाला माहीत नाही?”

“त्याच्यावर कधी कोणी झोपलं असतं तर कळलं असतं,” मामा म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. रविवार नसताना फोन आला की काय असतं ते मामांना उचलायच्या आधीच कळलं.

“बाबा, मी ऑफिसजवळ खोली घेतलीय. एका कलीगबरोबर. लगेच रुजू व्हायला सांगितलं, कालपासून इथंच आहे. दोन तास जायचे, दोन यायचे, नाही जमणार रोज.”

“बरोबर आहे. लांबच आहे.”

“तुम्हाला वाईट वाटलं?”

“छे. तुझी सोय महत्त्वाची.” मामांनी सोफ्याच्या कडेला टेकून बघितलं. सोफाही वीतभर आखूडच होता. आता त्यांना तो आखूडपणा सगळीकडं दिसत होता. मग ते असं काही बोलले जे नऊ वर्षांत कोणत्याही घराबद्दल, कोणापाशी बोलले नव्हते. “बाथरूमचा नळ गळतो इथला. दुपारी पाणी जातं. आणि मला संध्याकाळी एकट्याला जेवण जात नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही.”

मग ती म्हणाली, “बाबा, घरात शिरल्यावर मला कळेचना मी कुणाकडं आलेय. इतकं छान केलं होतंत. मला पाहुणीसारखं बसावं लागलं.”

“ती चूक माझी.”

“चूक नाही हो...” ती थांबली. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. “एक विचारू? तो रंग. खरंच आवडला मला. इथल्या भिंती इतक्या पांढऱ्या आहेत की दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं. मालक रंग देऊ देतायत. नंबर आहे का तुमच्याकडं?”

रंगाची स्तुती करणाऱ्यातलं कोणी खरं बोलत असेल, ही शक्यता त्यांनी नऊ वर्षांत धरली नव्हती. मग त्यांनी दोन्ही नंबर घडाघडा सांगितले.

“मी येऊ का? हात द्यायला?”

“कशाला एवढी दगदग. मालकांचा रंगारी आहे. शनिवारी येतोय.”

“बरं. मग त्याला सांग, टेराकोटा एकाच भिंतीला. खिडकीसमोरच्या. चारही भिंतींना मारला तर कुंडीत बसल्यासारखं होईल.”

ती हसली. “लिहून घेते.”

“दोन हातांमध्ये सहा तास जाऊ दे. हे लोक दोन तासांत दुसरा हात मारतात आणि पोबारा करतात. डबे वेगवेगळे असतील तर आधी एका बादलीत एकत्र करायला लाव, नाहीतर भिंतीत फरक दिसतो. स्विचबोर्डावर कागद चिकटव. लिहितेस ना?”

“लिहितेय.”

मामा उठून उभे राहिले होते आणि हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. लांबी, काचकागद, प्रायमर, ब्रश, रोलर. त्यांनी खिडकीच्या चौकटीबद्दल सांगितलं. छताच्या कडेबद्दल सांगितलं. उरलेल्या डब्याचं झाकण कसं ठोकायचं ते सांगितलं. बारा मिनिटं झाली. सांगण्यासारखं संपत आलं आणि त्यांना ते स्वच्छ दिसत होतं, डब्याचा तळ दिसतो तसं.

“आणि हे बघ,” ते म्हणाले. “रंग दिला की दोन दिवस त्या खोलीत झोपायचं नसतं. वास असतो. डोकं धरतं.”

पलीकडं लिहिण्याचा आवाज थांबला. “दोन?”

“तीन धर. हवा दमट असेल तर चार.”

“बाबा, हे खरं आहे, की साइटवरचं बोलणं आहे?”

मामा टेराकोटासमोर थांबले. भिंत कोरी होती आणि खाली टेलिफोनची जुनी खुंटी तेवढी उरली होती.

“वास खरा आहे,” ते म्हणाले. “दिवस माझ्या मनाचे.”

मागं तिच्या खोलीत कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

“गादी जमिनीवर घाला मग,” ती म्हणाली. “त्या पलंगावर मी नाही झोपणार.”